बीई-बीटेक झालं, पुढे काय? एमटेक, एमएस, एमसीए आणि पीएचडीचं गणित समजून घ्या

कॅम्पस प्लेसमेंटचा सीझन सुरू झाला की इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षात दोन गट पडतात. एका गटाच्या हातात ऑफर लेटर असतं. दुसऱ्या गटाचे व्हॉट्सॲप ग्रुप 'गेट देऊया का?', 'जर्मनीत फी नाही म्हणे', 'एमटेक करून पगार वाढतो का?' अशा मेसेजनी भरलेले असतात. त्यात घरच्यांचं मत, सीनियरचा अनुभव आणि इन्स्टाग्रामवरच्या कन्सल्टंटची रील, सगळं एकदम अंगावर येतं.

या गोंधळात चर्चा होते ती पदवीच्या नावाची. एमटेक चांगलं की एमएस? भारत की अमेरिका? पण एकाच नावाच्या दोन पदव्यांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. एका ठिकाणी संस्थाच विद्यार्थ्याला दरमहा पैसे देते, तर दुसऱ्या ठिकाणी घरच्यांना फ्लॅट किंवा शेतजमीन तारण ठेवून कर्ज काढावं लागतं.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारायला हवा : या शिक्षणाचे पैसे कोण देणार, आणि त्या बदल्यात विद्यार्थ्याकडून काय अपेक्षा असणार? याच प्रश्नाच्या आधारे सगळे पर्याय एकेक करून पाहू.

कोर्सवर्क आणि रिसर्च : आधी हा फरक ओळखा

पदव्युत्तर शिक्षणाचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत.

पहिला कोर्सवर्कचा. यात विषय शिकायचे, परीक्षा द्यायच्या, एखादा प्रोजेक्ट करायचा आणि नोकरीला लागायचं. परदेशातल्या बहुतेक एमएस पदव्या आणि आपल्याकडचं एमसीए या प्रकारात मोडतं. इथे फी साधारणपणे विद्यार्थी भरतो.

दुसरा प्रकार रिसर्चचा. यात विषय कमी, पण एका प्रश्नावर दीर्घकाळ काम करून प्रबंध लिहायचा असतो. एमएस बाय रिसर्च आणि पीएचडी या गटात येतात. इथे बहुतेक वेळा संस्था विद्यार्थ्याला विद्यावेतन देते, कारण तो संस्थेसाठी संशोधनाचं आणि शिकवण्यात मदतीचं काम करतो.

एमटेक या दोन्हींच्या मधलं आहे. पहिलं वर्ष मुख्यतः विषयांचं आणि दुसरं प्रबंधाचं, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते.

गेट परीक्षा कशासाठी?

भारतात एमटेकचा मुख्य दरवाजा म्हणजे गेट. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था अर्थात आयआयएससी आणि मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, कानपूर, खरगपूर, मद्रास, रुरकी या सात आयआयटी मिळून ही परीक्षा घेतात. दरवर्षी आयोजनाची जबाबदारी यांपैकी एका संस्थेकडे असते.

परीक्षा ३ तासांची, १०० गुणांची आणि ६५ प्रश्नांची असते. त्यात १५ गुण सामान्य अभियोग्यतेचे असतात. एकच पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नाचं उत्तर चुकलं, तर गुण कापले जातात. जिथे उत्तर म्हणून आकडा टाइप करायचा असतो किंवा एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकतात, तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही. २०२४ पासून डेटा सायन्स आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्स हा स्वतंत्र पेपरही सुरू झाला आहे.

गेटचा स्कोअर ३ वर्षं चालतो आणि तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्यालाही परीक्षा देता येते. म्हणजे तिसऱ्या वर्षात चांगला स्कोअर मिळाला, तर एक-दोन वर्षं नोकरी करूनही तो वापरता येतो. काही सरकारी कंपन्या नोकरभरतीसाठीही हाच स्कोअर पाहतात.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. गेटला बसता येणं आणि एमटेकला पात्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीसीए झालेला विद्यार्थी गेट देऊ शकतो. पण एमटेकसाठी साधारणपणे चार वर्षांची इंजिनिअरिंग पदवी किंवा एमसीए, एमएस्सीसारखी पदव्युत्तर पदवी लागते.

स्कोअर आला, पुढे प्रवेश कसा?

सगळ्या संस्थांसाठी मिळून एकच फॉर्म नसतो. इथेच अनेकांची संधी हुकते.

आयआयटीसाठी प्रत्येक संस्थेकडे वेगळा अर्ज करावा लागतो. त्यानंतर मिळालेली ऑफर स्वीकारायची किंवा नाकारायची ती 'कोॲप' या सामायिक पोर्टलवर. नागपूरच्या व्हीएनआयटी आणि गोव्याच्या एनआयटीसह देशभरातल्या एनआयटींसाठी 'सीसीएमटी' ही केंद्रीय प्रवेशप्रक्रिया आहे.

महाराष्ट्रातल्या कॉलेजांमध्ये एमई-एमटेकच्या जागा राज्याच्या कॅप फेऱ्यांमधून भरल्या जातात. तिथे गेट पात्र विद्यार्थ्यांना प्राधान्य मिळतं. उरलेल्या जागांवर पदवीच्या गुणांच्या आधारे इतरांना प्रवेश मिळतो.

एकच वर्ग, पण हिशेब दोन

गेट पात्र ठरून एआयसीटीई मान्यताप्राप्त संस्थेत पूर्णवेळ एमटेकला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळू शकते. आयआयटीमध्येही टीचिंग असिस्टंट म्हणून प्रवेश मिळालेल्यांना तेवढीच रक्कम मिळत आली आहे. त्यासाठी आठवड्याला साधारण ८ तास लॅब घेणं, पेपर तपासणं, ज्युनियर विद्यार्थ्यांच्या शंका सोडवणं अशी कामं करावी लागतात.

२४ महिन्यांचे होतात २ लाख ९७ हजार ६०० रुपये. ही रक्कम पगाराची जागा घेऊ शकत नाही. पण सरकारी संस्थेच्या फीचा आणि मेसचा मोठा भार त्यातून हलका होतो.

त्याच वर्गात, त्याच बाकावर गेटशिवाय प्रवेश घेतलेला विद्यार्थीही असतो. शिक्षक तेच आणि पदवीही तीच, पण त्याला ही शिष्यवृत्ती मिळत नाही. खासगी कॉलेज असेल तर फी जास्त असते आणि दोन वर्षांत लाखोंचा फरक पडतो. 'एमटेक करायचंय' एवढंच ठरवलेल्या घरात हा फरक बऱ्याचदा ॲडमिशन झाल्यावर लक्षात येतो.

एमएस बाय रिसर्च म्हणजे काय?

आयआयटी मुंबई, मद्रास, दिल्ली अशा संस्थांमध्ये एमएस बाय रिसर्च नावाची पदवी आहे. आयआयएससीमध्ये तिला एमटेक रिसर्च म्हणतात. यात विषय कमी आणि संशोधन जास्त असतं. कालावधी दोन ते तीन वर्षांचा असतो आणि तो प्रबंध कधी पूर्ण होतो यावर अवलंबून राहतो.

इथे निवड बहुतेक वेळा केवळ गेट स्कोअरवर होत नाही, लेखी परीक्षा आणि मुलाखतही असते. त्यामुळे गेटमध्ये थोडा मागे राहिलेला, पण विषय पक्का असलेला विद्यार्थी इथे पुढे जाऊ शकतो.

अडचण एकच. इथे तुमचं सगळं काम गाईडवर अवलंबून असतं. म्हणून अर्ज करण्याआधी त्या प्राध्यापकांचे अलीकडचे शोधनिबंध वाचावेत आणि त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली हे विचारून घ्यावं.

बीसीए, बीएस्सीवाल्यांचं काय?

कम्प्युटर क्षेत्रात यायला इंजिनिअरिंगच हवं असं नाही. एमसीए आता दोन वर्षांचं आहे. पूर्वी ते तीन वर्षांचं होतं, २०२०-२१ पासून कालावधी कमी झाला. महाराष्ट्रात त्यासाठी राज्याची एमसीए सीईटी द्यावी लागते, तर एनआयटींमधल्या एमसीएसाठी निमसेट ही परीक्षा आहे. बारावीला किंवा पदवीला गणित असणं इथे महत्त्वाचं ठरतं.

एमसीए झाल्यावर गेट देऊन कम्प्युटर सायन्सच्या एमटेकसाठी अनेक संस्थांमध्ये अर्ज करता येतो. म्हणजे बीएस्सी, एमसीए, मग एमटेक हा रस्ता लांबचा असला तरी बंद नाही.

गेटशिवायचे दरवाजे

काही नामवंत संस्था स्वतःची प्रवेश परीक्षा घेतात आणि त्यांची माहिती आपल्याकडे फारशी पोहोचत नाही.

कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत कम्प्युटर सायन्सचं एमटेक आहे. तिथे गणिताची परीक्षा कठीण असते, पण विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळतं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्ये कम्प्युटर सायन्स आणि डेटा सायन्समध्ये एमएस्सी करता येते. ट्रिपलआयटी हैदराबादची वेगळी प्रवेश परीक्षा आहे. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत म्हणजे टीआयएफआरमध्ये कम्प्युटर सायन्समधली पीएचडी करता येते.

आणखी एक पर्याय ट्रॉम्बेला आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचं ट्रेनिंग स्कूल १९५७ पासून सुरू आहे. गेट स्कोअर किंवा केंद्राची ऑनलाइन परीक्षा आणि मग मुलाखत, अशी निवड होते. वर्षभराच्या प्रशिक्षणात विद्यावेतन मिळतं आणि ते यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्यांना वैज्ञानिक अधिकारी म्हणून नेमलं जातं.

पीएचडीसाठी आधी एमटेक करावंच लागतं का?

नाही. आयआयटी आणि आयआयएससीमध्ये चांगल्या गुणांचे बीटेक विद्यार्थी थेट पीएचडीला जाऊ शकतात. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के गुण असलेल्यांनाही पीएचडीचा मार्ग खुला झाला आहे. काही प्रवर्गांना गुणांत सवलत आहे.

२०२३ पासून ज्युनियर रिसर्च फेलोशिपची रक्कम दरमहा ३७ हजार आणि सीनियर फेलोशिपची ४२ हजार रुपये आहे. पहिली दोन वर्षं ३७ हजार आणि पुढची तीन वर्षं ४२ हजार धरले, तर पाच वर्षांत २४ लाख रुपये होतात. नियमांनुसार घरभाडे भत्ता मिळाला तर तो वेगळा. पंतप्रधान संशोधन फेलोशिपमध्ये ही रक्कम दरमहा ७० ते ८० हजारांच्या घरात जाते, पण तिथली निवड बरीच कडक आहे.

आकडे बरे दिसतात, पण पाच वर्षं हा मोठा काळ आहे. तेवढ्यात नोकरीतल्या मित्रांची दोन-तीन प्रमोशन झालेली असतात. ज्याला एकाच प्रश्नाशी वर्षानुवर्षं झटायला आवडतं, त्याच्यासाठीच हा रस्ता आहे. नोकरी मिळत नाही म्हणून पीएचडी हे कारण पाच वर्षं पुरत नाही.

परदेशात एमएस : कुठे काय परिस्थिती?

अमेरिका : इथल्या कम्प्युटर सायन्सच्या बहुतेक एमएस पदव्या स्वखर्चाच्या असतात. याउलट पीएचडीला साधारणपणे फी माफ होते आणि वर विद्यावेतनही मिळतं. बीटेकनंतर थेट पीएचडीला अर्ज करता येतो, हे अनेकांना ठाऊक नसतं.

शिक्षणानंतर ओपीटीखाली १२ महिने आणि विज्ञान-तंत्रज्ञान शाखांसाठी आणखी २४ महिने, असे एकूण ३ वर्षं काम करता येतं. त्यापुढे लागतो एच-१बी व्हिसा. त्याची वार्षिक मर्यादा ६५ हजार अधिक अमेरिकेत मास्टर्स किंवा त्यापुढचं शिक्षण घेतलेल्यांसाठी २० हजार अशी आहे. अर्ज त्याहून कितीतरी जास्त येत असल्याने निवड होईलच याची खात्री नसते. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने देशाबाहेरून येणाऱ्या नव्या कर्मचाऱ्यांच्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं. थोडक्यात, 'तिकडे नोकरी लागेल आणि कर्ज फिटेल' हे गृहीत धरणं पूर्वीपेक्षा जास्त जोखमीचं झालं आहे.

जर्मनी : बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, हे खरं आहे. पण याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना प्रति सेमिस्टर १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून अशी फी सुरू केली. शिवाय व्हिसासाठी वर्षभराचा खर्च, म्हणजे ११,९०४ युरो, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावा लागतो. हे पैसे आपलेच असतात आणि दरमहा थोडे थोडे काढता येतात, पण सुरुवातीला उभे करावेच लागतात. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्रही सक्तीचं आहे. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. रोजच्या जगण्यात आणि नोकरीत जर्मन भाषा यावी लागते, हे रीलमध्ये कुणी सांगत नाही.

ब्रिटन : इथलं मास्टर्स साधारण एका वर्षाचं असतं. त्यामुळे वेळ वाचतो, पण नोकरी शोधण्याचा काळही लवकर सुरू होतो. शिक्षणानंतर राहण्याची मुदत आतापर्यंत २ वर्षं होती. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांसाठी ती १८ महिन्यांवर येणार आहे.

कर्जाचा हिशेब आधी कागदावर मांडा

समजा, एमएससाठी ४० लाखांचं कर्ज काढलं. व्याजदर ११ टक्के. शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचे सहा महिने हप्ता नाही, पण व्याज चालूच राहतं. पूर्ण रक्कम सुरुवातीलाच उचलली असं धरलं, तर अडीच वर्षांत साध्या व्याजाने ११ लाख वाढतात. म्हणजे परतफेड सुरू होताना कर्ज असतं ५१ लाख.

हे कर्ज १० वर्षांत फेडायचं तर महिन्याचा हप्ता येतो सुमारे ७० हजार २०० रुपये. एकूण परतफेड होते ८४ लाखांच्या पुढे.

डॉलरमध्ये पगार असेल तर हा हप्ता जड वाटत नाही. पण परत यावं लागलं आणि पुण्यात किंवा मुंबईत नव्याने नोकरी सुरू करावी लागली, तर? घर तारण ठेवलेल्या पालकांनी सही करण्याआधी विचारायचा प्रश्न हाच आहे. हप्ता भारतातल्या पगारातून भरता येईल का? उत्तर 'नाही' असेल, तर रक्कम कमी करण्याचे किंवा शिष्यवृत्ती मिळवण्याचे मार्ग आधी शोधावेत.

भारतातल्या निवडक संस्थांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. त्यात तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या पात्र विद्यार्थ्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिक्षणकाळात व्याजात ३ टक्के सवलत आहे. परदेशी शिक्षणाला मात्र ही योजना लागू नाही.

परदेशासाठी अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतल्या संशोधकांना पीएचडीसाठी फेलोशिप देतात. मुंबईतली जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जरूपी शिष्यवृत्ती देते.

नोकरी सोडायची नसेल तर?

बिट्स पिलानीचे नोकरदारांसाठीचे अभ्यासक्रम, आयआयटी कानपूरचे ई-मास्टर्स असे पर्याय आहेत. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकचं कम्प्युटर सायन्सचं ऑनलाइन एमएस २०१४ पासून सुरू आहे आणि संपूर्ण पदवीची फी १० हजार डॉलरपेक्षा कमी आहे. प्रवेश तुलनेने सोपा, अभ्यास मात्र कॅम्पसइतकाच.

इथे एक काळजी घ्यावी. 'एक्झिक्युटिव्ह पीजी प्रोग्रॅम' नावाचं प्रत्येक सर्टिफिकेट ही पदवी नसते. पुढे पीएचडी किंवा प्राध्यापकाची नोकरी करायची असेल, तर ती मान्यताप्राप्त पदवी आहे का, हे पैसे भरण्याआधी संस्थेकडून लेखी विचारून घ्यावं.

कधी काय करायचं?

गेटचे फॉर्म साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात, परीक्षा फेब्रुवारीत आणि निकाल मार्चमध्ये. आयआयटींचे अर्ज निकालाच्या आसपासच भरावे लागतात. कोॲप आणि सीसीएमटीच्या फेऱ्या उन्हाळ्यात होतात.

अमेरिकेतल्या पीएचडीचे अर्ज बहुतेक ठिकाणी डिसेंबरमध्ये बंद होतात. जीआरई आता दोन तासांपेक्षा कमी वेळाची आहे आणि अनेक विद्यापीठांनी ती ऐच्छिक केली आहे. तेव्हा ती द्यायची की नाही, हे विद्यापीठांची यादी पाहून ठरवावं. शिष्यवृत्ती किंवा असिस्टंटशिपसह ऑफर आली, तर उत्तर द्यायला १५ एप्रिलपर्यंत वेळ देण्याचा करार अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी मान्य केलेला आहे. त्यामुळे फेब्रुवारीत आलेल्या पहिल्याच ऑफरला घाईने होकार देण्याची गरज नाही.

फॉर्म भरण्याआधी पाच प्रश्न

१. फी, राहणं आणि जेवण धरून एकूण खर्च किती, आणि त्यातला किती भाग संस्था देणार?

२. विद्यावेतन मिळत असेल तर त्यासाठी आठवड्याला किती तास काम, आणि ते किती महिने मिळणार?

३. प्रबंध आहे का? असेल तर गाईड कधी आणि कसा ठरतो?

४. याच विभागातून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेले विद्यार्थी आज काय करतात?

५. नोकरी वर्षभर लांबली, तर कर्जाचा हप्ता कोण भरणार?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर कन्सल्टंटकडे मागू नये. अनेक एजंटांना प्रवेशामागे विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, त्यामुळे त्यांचा सल्ला फुकट असला तरी निःपक्ष असेलच असं नाही. लिंक्डइनवर त्या विभागाचे दोन-तीन माजी विद्यार्थी शोधावेत आणि थेट मेसेज करावा. आणि व्हिसा, फी, मुदती यांचे नियम दरवर्षी बदलतात. म्हणून शेवटची खात्री त्या त्या संस्थेच्या किंवा दूतावासाच्या अधिकृत संकेतस्थळावरच करावी, फॉरवर्ड झालेल्या मेसेजवर नाही.